पावसाळी वाऱ्यात शूटिंगला ड्रोन कोणता घ्यायचा? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

पाऊस सुरू झाला की ड्रोनबद्दलचे प्रश्न एकदम वाढतात, आणि यावेळी जवळजवळ सगळ्यांनी एकच विचारलंय, वादळी हवेत उडणारा ड्रोन सांगा. म्हणून हा अख्खा भाग त्यालाच दिलाय. पहिलं उत्तर लांबलंय, पण बाकीच्या बऱ्याच जणांचं उत्तरही त्यातच आहे, तेव्हा वाचा पूर्ण.

प्रश्न: मी चिपळूणला असतो, लग्नाचे आणि रिसॉर्टवाल्यांचे व्हिडिओ करतो. यंदा सवतसडा, परशुराम घाट आणि गुहागरचा खवळलेला समुद्र शूट करायचाय. दुकानदार म्हणतो अडीचशे ग्रॅमच्या आतला घ्या, लायसन्सची कटकट नाही आणि हल्लीचे सगळे पावसात चालतात. खरंय का? वादळी हवेत टिकेल असा कोणता घेऊ?
(वाचक, चिपळूण)

उत्तर: पावसात चालतात हे साफ चुकीचं आहे. डीजेआयचे मिनी, एअर, मॅविक, जे आपल्याकडे सगळ्यांच्या हातात दिसतात, त्यातल्या एकालाही पाण्यापासून बचावाचं आयपी रेटिंग नाहीये, आणि पाऊस, धुकं, जोराचा वारा असताना उडवू नका असं त्यांच्या मॅन्युअलमध्येच लिहिलेलं असतं. पण तुमच्या पत्रात वाऱ्याबद्दल एक अक्षर नाही आणि मला काळजी त्याचीच वाटते. पाऊस दिसतो, थांबतो, आपण टपरीवर उभं राहून उघडिपीची वाट बघू शकतो. वारा उघडीप असतानाही असतोच, आणि खालून बघताना वर किती आहे ते कळत नाही.

त्यामुळे ड्रोन निवडताना दोन आकडे बघा. पहिला म्हणजे किती वाऱ्यात तो जागेवर टिकतो. मिनी ४ प्रो ला कंपनी देते १०.७ मीटर प्रति सेकंद, एअर २एस लाही तेवढेच, आणि मॅविक ३ किंवा एअर ३ ला १२. मीटरला ३.६ ने गुणलं की ताशी किलोमीटर येतात, म्हणजे पहिल्या दोघांना साधारण ३८ आणि दुसऱ्या दोघांना ४३. आता हे शेजारी ठेवून बघा, हवामान खातं कोकण किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना जून ते ऑगस्टमध्ये वारंवार जी सूचना देतं त्यात वारा ताशी ४५ ते ५५ आणि झोत ६५ पर्यंत असं असतं. म्हणजे बंदरावर तीन नंबरचा धोक्याचा बावटा लागला असेल त्या दिवशी हौशी ड्रोनपैकी एकही त्या वाऱ्यासाठी बनलेला नाही, कितीही महाग घ्या. शिवाय मोबाईलवर जो अंदाज दिसतो तो जमिनीपासून १० मीटर उंचीवरच्या सरासरी वाऱ्याचा असतो, ड्रोन १०० मीटरवर गेला की तिथे वारा जास्त, आणि घाटमाथ्यावर त्याहून जास्त. वारा दुप्पट झाला की दाब चौपट होतो हे पण लक्षात असू द्या, २० आणि ४० मधला फरक अंगावर वाटतो त्यापेक्षा खूप मोठा आहे.

दुसरा आकडा कोणी बघतच नाही, ड्रोनचा टॉप स्पीड. वाऱ्याबरोबर गेलेला ड्रोन परत आणायचा तर वाऱ्याच्या विरुद्ध यावं लागतं. मिनी ४ प्रो चा स्पोर्ट मोडमधला, म्हणजे सगळ्यात जोरात उडायच्या मोडमधला वेग १६ मीटर म्हणजे ताशी ५७ च्या आसपास, समोरून ३८ चा वारा असेल तर परत येण्याचा वेग उरला ताशी १९, एक किलोमीटर यायला तीन मिनिटांच्या वर गेली, आणि मध्येच ५५ चा झोत आला तर तो हवेत जागच्या जागी फक्त बॅटरी जाळत उभा राहणार. मॅविक ३ चा वेग २१ मीटर, ताशी ७५, त्याच वाऱ्यात त्याच्याकडे ताशी ३७ उरतात. पावसाळ्यासाठी मी मोठ्या ड्रोनच्या बाजूने बोलतो ते या उरलेल्या वेगासाठी, कॅमेरा त्यानंतर. अर्थात कॅमेराही कामाला येतोच, ढगाळ उजेडात मॅविक ३ चा मोठा फोर थर्ड्स सेन्सर मिनीपेक्षा कितीतरी स्वच्छ चित्र देतो, आणि त्याच्या लांबचं जवळ आणणाऱ्या टेली लेन्समुळे धबधब्याच्या तुषारांत न शिरता लांबून फ्रेम मिळते.

लायसन्सचं दुकानदार बरोबर सांगतोय. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनोला रिमोट पायलट सर्टिफिकेट लागत नाही. २५० ग्रॅमच्या वर २ किलोपर्यंतचा मायक्रो हौसेसाठी उडवला तरी लागत नाही, पण तुम्ही पैसे घेऊन काम करता, त्यामुळे मॅविक किंवा एअर घेतलात तर तुम्हाला लागणार आणि थर्ड पार्टी इन्शुरन्सही लागणार. ते सर्टिफिकेट मिळवा असंच मी म्हणेन, वय १८ ते ६५ आणि दहावी पास एवढी अट आहे, डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी खात्याने मान्य केलेल्या संस्थेत ट्रेनिंग होतं आणि हात बसतो तो वेगळाच. आणि नॅनो असला तरी झोनचे नियम सुटत नाहीत बरं का, ग्रीन झोनमध्ये, जिथे आधी परवानगी लागत नाही, तिथेसुद्धा ४०० फुटांच्या वर जायचं नाही, रेड झोन म्हणजे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय नाहीच, आणि किनाऱ्यावर संरक्षण दलांच्या जागा असल्यामुळे सरकारचा झोनचा नकाशा दर वेळी बघायचा.

आता खरेदीचं. ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनची परदेशातून आयात बंद आहे, संशोधन, संरक्षण, सुरक्षा अशा मोजक्या कामांना सोडून. त्यामुळे त्यानंतर बाजारात आलेलं मिनी ४ प्रो किंवा एअर ३ इथे कोणी विकत असेल तर तो कुठून आला हे विचारा, पुढे रजिस्ट्रेशन आणि रिपेअर दोन्हीत अडकाल. तुमच्यासाठी सरळ रस्ता म्हणजे बंदीच्या आधी आलेला, यूआयएन म्हणजे सरकारी नोंदणीचा नंबर असलेला आणि रीतसर तुमच्या नावावर ट्रान्सफर होणारा सेकंडहँड ड्रोन. त्यात पहिली पसंती मॅविक ३, बजेट कमी असेल तर एअर २एस, १ इंची सेन्सर आहे, ५९५ ग्रॅम वजन आहे, स्पोर्टमध्ये १९ मीटरचा वेग आहे, वाऱ्याचा आकडा मिनीएवढाच असला तरी परत येण्याची ताकद जास्त आहे. घेताना बॅटऱ्या फुगल्यात का बघा, चार्ज सायकल किती झाल्यात ते ॲपमध्ये बघा, कॅमेरा स्थिर धरणारा गिंबल थरथरतो का बघा, आणि निदान अर्धा तास समोर उडवून घ्या. आणि सर्टिफिकेट हातात येईपर्यंत रिसॉर्टच्या कामाला सर्टिफिकेटवाला पायलट दिवसाच्या भाड्याने बोलवा, यात कमीपणा काही नाही.

प्रश्न: आम्ही लोकल न्यूज चॅनेलसाठी काम करतो. २०१९ च्या पुरात ड्रोन बाहेर काढताच येत नव्हता, पाऊस थांबतच नव्हता. आयपी५५ वाला घेतला तर प्रश्न सुटेल का? ऑनलाइन ड्रोनचे रेनकोट पण मिळतात, ते कसे?
(वाचक, कोल्हापूर)

उत्तर: बराचसा सुटेल, सगळा नाही. आयपी मधला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. पाण्याचा ५ म्हणजे कुठल्याही बाजूने नळीने पाण्याचा झोत मारला तरी आत नुकसान होईल एवढं पाणी जात नाही, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवला तरी चालतं. डीजेआयचे मॅट्रिस ३० आणि मॅट्रिस ३५० आरटीके आयपी५५ आहेत, पण दोन्ही २ किलोच्या वरचे म्हणजे स्मॉल कॅटेगरी, सर्टिफिकेट आणि इन्शुरन्स आलंच, किंमत मोठी आणि आयातबंदी त्यांनाही लागू. वाऱ्याची मर्यादा बघाल तर मॅट्रिस ३५० ची तीच १२ मीटर! पाणी अडतं, वारा अडत नाही. स्वेलप्रोचा स्प्लॅशड्रोन ४ तर आयपी६७ आहे, पाण्यावर उतरतो आणि तरंगतो, परदेशात मासेमारीवाले आणि बोटवाले वापरतात, पण तोही बाहेरचाच.

रेटिंग ही नव्या ड्रोनची टेस्ट असते आणि ती गोड्या पाण्यात होते. रबराचे सील जुने होतात, एकदा आपटला की फटी पडतात, खारं पाणी तर वेगळीच गोष्ट आहे. दुसरं, ड्रोन कोरडा राहिला तरी लेन्सवर थेंब बसतातच, वाइड लेन्सला तर एक थेंब अख्खी फ्रेम खातो. त्यामुळे आयपी५५ असूनही तुम्ही शेवटी लेन्स वाऱ्याकडे पाठ करून, किंचित खाली झुकवून, छोट्या छोट्या फेऱ्यांत शूट करणार.

रेनकोटबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. बॉडी झाकते, पण मोटरच्या खालून, गिंबलच्या बाजूने पाणी जायचं ते जातंच, हवा खेळायची भोकं झाकली की ड्रोन गरम होतो, वाऱ्याला अडायला जास्त पृष्ठभाग मिळतो. आणि २४९ ग्रॅमच्या मिनीला कोट घातला की तो २५० च्या वर जातो, म्हणजे नॅनो राहतच नाही. उघडिपीत उडवताना अचानक चार थेंब आले तर परत येईपर्यंतचं संरक्षण एवढाच त्याचा उपयोग समजा.

पुराच्या बातमीसाठी एक कळकळीची विनंती, जिल्हा प्रशासनाला कळवल्याशिवाय आणि परवानगीशिवाय उडवू नका. पुरात बचावासाठी हेलिकॉप्टर खाली येतात आणि वैमानिकाला छोटा ड्रोन दिसत नाही.

प्रश्न: नाणेघाट, कावळेसाद, कोकणकडा इथे उलटे धबधबे शूट करायचेत. गेल्या वर्षी मित्राचा छोटा ड्रोन कड्यावरून वर वर जात राहिला, स्टिक पूर्ण खाली ओढूनही उतरेना, शेवटी ढगात गेला तो गेलाच. असं का होतं?
(वाचक, पुणे)

उत्तर: जो वारा धबधब्याचं पाणी उलटं वर फेकतो त्यानेच ड्रोन वर नेला. पश्चिमेकडून येणारा मोसमी वारा कोकणातून सपाट येतो आणि सह्याद्रीच्या उभ्या भिंतीवर आपटतो, जायला जागा नाही म्हणून कडा धरून वर चढतो. दरी जिथे नळीसारखी अरुंद होते तिथे त्याचा वेग आणखी वाढतो, नाणेघाटात तेच होतं. ड्रोनला खाली यायच्या वेगाची मर्यादा असते, मिनी ४ प्रो ला सेकंदाला ५ मीटर, एअर २एस आणि मॅविक ३ ला ६. वर चढणारा वारा त्याहून जोरात असला तर तुम्ही स्टिक खाली ओढलीत तरी तो वरच जाणार, यात बिघाड काही नाही.

अशा वेळी खाली ओढत बसायचं नाही. आडवं सरकायचं, पठाराच्या बाजूला, कड्यापासून लांब, कारण वर चढणारी हवा कड्याच्या पट्ट्यात सगळ्यात जोरात असते. मात्र कड्याच्या अगदी मागे हवेचे भोवरे असतात, तिथे उतरवायला जाऊ नका, भरपूर आत येऊ द्या आणि मग खाली घ्या, तेही सरळ उभं नाही, पुढे सरकत सरकत, नाहीतर ड्रोन स्वतःच्याच पंख्यांनी ढवळलेल्या हवेत डगमगतो. टेकऑफसुद्धा कड्यापासून बऱ्यापैकी आतून करा, यात तुमचाही जीव वाचतो, ओल्या कातळावर स्क्रीनकडे बघत मागे सरकणारी माणसं बघितली की पोटात गोळा येतो.

बाकी नेहमीचं, पण पावसाळ्यात पाळायचंच. जाताना आधी वाऱ्याच्या तोंडावर जा म्हणजे परतीला वारा पाठीशी असेल. रिटर्न टू होमची, म्हणजे ड्रोन आपोआप परत येतो ती उंची उगाच १०० मीटर ठेवू नका, ड्रोन परत यायच्या आधी तेवढा वर चढतो आणि वर वारा जास्त, आसपासच्या सगळ्यात उंच अडथळ्याच्या थोडी वर ठेवा. बॅटरी निम्मी झाली की परत फिरा, बॉक्सवर लिहिलेली मिनिटं वारा नसतानाची असतात. वाऱ्याशी झगडत परत येत असेल तर उंची कमी करा, स्पोर्ट मोड लावा, पण मिनी, एअर, मॅविकमध्ये स्पोर्टला अडथळे ओळखणारे सेन्सर बंद होतात हे माहीत असू द्या. आणि ढग कड्यावर चढायला लागला की लगेच खाली, ढगात ड्रोन दिसत नाही आणि नजरेच्या टप्प्याबाहेर उडवणं नियमातही बसत नाही, शिवाय आत दमट हवेचं पाणी धरतं.

शूटिंगचं म्हणाल तर २५ फ्रेमला १/५० शटर ठेवा, त्यासाठी ढगाळ हवेतही एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची उजेड कमी करणारी काच) बऱ्याचदा लागतो, फक्त कमी ताकदीचा. समोरच्या वाऱ्यात ड्रोन पुढे झुकतो आणि फ्रेमच्या वरच्या कडेला पंखे दिसतात, म्हणून कॅमेरा थोडा खाली ठेवा किंवा क्रॉपला जागा सोडा. पाणी वर उडताना खरं उठून दिसतं ते बाजूने, मागे काळा कातळ ठेवून.

आणि हो, कोकणकडा कळसूबाई हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथे ड्रोन नाही. संरक्षित किल्ले आणि लेण्यांना पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. आधी अर्ज, मग बॅग भरा.

प्रश्न: निसर्ग वादळ आलं तेव्हा मी शाळेत होते, आमच्या सुपारीच्या बागा झोपल्या पण आमच्याकडे एक धड व्हिडिओ नाही. पुन्हा असं चक्रीवादळ आलं तर ते येत असताना शूट करेल असा ड्रोन असतो का? मी मास मीडिया शिकतेय.
(वाचक, श्रीवर्धन)

उत्तर: तुमची तळमळ समजते, आणि उत्तर तरीही नाही असंच आहे. ३ जून २०२० ला निसर्ग रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं तेव्हा वारा ताशी ११० ते १२० होता. हवामान खात्याच्या हिशेबात ६२ पासून पुढे चक्रीवादळ म्हणतात, म्हणजे वादळाची सुरुवातच आपल्या चांगल्यातल्या चांगल्या ड्रोनच्या मर्यादेच्या खूप वर आहे. त्या वाऱ्यात पत्रे उडतात, तुम्ही बाहेर उभं राहणंच चुकीचं. मोठ्या वादळाच्या आतला समुद्र टिपला गेलाय, पण तो उडणाऱ्या ड्रोनने नाही. ३० सप्टेंबर २०२१ ला अटलांटिकमधल्या सॅम चक्रीवादळात सेलड्रोन कंपनीची बिनमाणसांची होडी शिरली आणि तिने आतून व्हिडिओ पाठवला, मुद्दाम त्यासाठी आखूड, भक्कम शिडासारखा पंख बसवलेली होडी होती ती.

तुमच्यासारख्या गावातल्या माणसाला जे जमेल आणि ज्याची खरी गरज आहे ते वेगळं आहे. वादळाचा नुसता अंदाज असेल, वारा शांत असेल तेव्हाच आपल्या वाड्या, बागा, बंदर, किनाऱ्याची रेषा ठरावीक उंचीवरून, ठरावीक जागांवरून शूट करून ठेवा. वादळ येताना घरात, फोन आतून खिडकीपाशी पण काचेपासून लांब. मग वादळ गेलं, वारा उतरला, प्रशासनाने हो म्हटलं की त्याच जागांवरून, त्याच उंचीवरून पुन्हा. आधीचं आणि नंतरचं शेजारी ठेवलं की किती झाडं पडली, समुद्र कुठवर आला हे कुठल्याही थरारक व्हिडिओपेक्षा स्पष्ट दिसतं, पंचनाम्याच्या वेळी बागायतदारांनाही ते दाखवता येतं. याला साधा मिनीसुद्धा पुरतो, शांत हवेतच उडवायचाय ना.

प्रश्न: आमच्याकडे मे महिन्यात वळवाचे ढग भन्नाट दिसतात, विजा चमकतात. पाऊस लांब असताना उडवलं तर चालेल?
(वाचक, सोलापूर)

उत्तर: लांब म्हणजे किती ते महत्त्वाचं. वळवाच्या ढगातून थंड हवा खाली कोसळते आणि जमिनीवर चहूकडे पसरते, पाऊस यायच्या आधी धुळीचा जो लोट येतो तो तोच, आणि तो बऱ्याचदा ढगाच्या कित्येक किलोमीटर पुढे धावत येतो. शांत हवेतून एकदम सोसाट्याचा वारा, मध्ये वेळच नाही. म्हणून धूळ क्षितिजावर दिसली की लगेच खाली घ्या. पुण्याच्या आयआयटीएमचं दामिनी ॲप फोनवर ठेवा, २० आणि ४० किलोमीटरच्या परिघातल्या विजांची सूचना देतं. गडगडाट कानावर आला म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोचू शकते, ड्रोनपेक्षा माळरानावर एकटे उभे असलेले तुम्ही त्या वेळी धोक्यात असता, शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास थांबून मग बाहेर या. अमेरिकेत वादळांचा पाठलाग करणारे रीड टिमर यांच्या टीमने २९ एप्रिल २०२२ ला कॅन्ससमधल्या अँडोव्हरचा टोर्नेडो ड्रोनने टिपला, तो बघितलात तर लक्षात येईल की ते चित्र बाजूने, अंतर राखून घेतलेलं आहे. तुमच्या ढगांनाही लांबून, टेली लेन्सने, ढगाचा पूर्ण आकार फ्रेममध्ये घेऊन शूट करा, विजांसाठी तर जमिनीवर ट्रायपॉड आणि छताखाली तुम्ही, हेच उत्तम.

प्रश्न: ड्रोन भिजलाच तर काय करायचं? तांदळात ठेवू का?
(वाचक, सावंतवाडी)

उत्तर: तांदूळ नको, काही उपयोग नाही, उलट बारीक पूड आत जाते. चालू करून बघायचा मोह टाळा, पहिल्यांदा बॅटरी काढा. मेमरी कार्ड काढा. बाहेरून मऊ कपड्याने टिपा, हेअर ड्रायर लावू नका, हवेशीर कोरड्या जागी दोन-तीन दिवस ठेवा किंवा घट्ट डब्यात भरपूर सिलिका जेल घालून ठेवा. साधं पावसाचं पाणी असेल तर वाचायची शक्यता बरी असते. समुद्राचं असेल तर वाळवून भागत नाही, मीठ सर्किटवर आणि मोटरच्या बेअरिंगवर बसून राहतं, तो उघडून साफ करणाऱ्याकडेच न्या, जितक्या लवकर तितकं बरं. समुद्राकाठी नुसता उडवला, भिजला नाही, तरी घरी आल्यावर ओलसर कपड्याने पुसून मग कोरडा करा, खारं तुषार डोळ्यांना दिसत नाही. भिजलेली बॅटरी पुन्हा चार्जिंगला लावू नका, आतून शॉर्ट झाली तर पेट घेते, घराबाहेर, जळणाऱ्या वस्तूंपासून लांब ठेवा आणि ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या.